दीर्घसेवेचा मान

गेल्या भाद्रपदात आंजर्ल्यास जाण्याचा योग आला असता, कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही चार मंडळी एका परिचित गृहस्थांच्या पडवीत बसलो होतो. बाहेर पावसाची झड लागलेली, समोरच्या पोफळींवरून पाणी ओघळते आहे आणि चहा अजून यावयाचा आहे, अशा वेळी मनुष्य जे करतो तेच आम्ही करीत होतो. म्हणजे दोन दिवसांचे शिळे वर्तमानपत्र वाटून घेऊन वाचीत होतो. त्यात एका विद्यापीठाने एका वयोवृद्ध वकिलांस त्यांच्या दीर्घसेवेबद्दल समारंभपूर्वक गौरविल्याची वार्ता होती. शाल, श्रीफळ, मानपत्र, कुलगुरूंचे भाषण, सत्कारमूर्तींचे उत्तर, सारे यथासांग झाले होते. वार्ता मोठ्याने वाचून झाल्यावर यजमानांचे वडील बंधू, जे चार माणसांत सहसा तोंड उघडीत नाहीत, ते एकाएकी म्हणाले, "पन्नास वर्षे सेवा केली ती पैसे घेऊन. आज मालकाकडून उभे राहिले, उद्या कुळाकडून. मग विद्यापीठाने मान दिला तो कशाला? पैसे घेतल्याला, की पन्नास वर्षे घेतल्याला?"

मंडळी हसली, चहा आला, आणि बोलणे आंब्याच्या कलमांवर गेले. परंतु तो प्रश्न आम्हांस मात्र सोडीना. विचारणाराच्या स्वरात थोडी कुचेष्टा होती हे खरे. पण कुचेष्टेने विचारलेला प्रश्न खोटाच असतो असे नाही. मानपत्रांच्या भाषेत ज्या गोष्टी कधीच विचारल्या जात नाहीत त्या बहुधा पडवीतच विचारल्या जातात. विद्यापीठ जेव्हा एखाद्या वकिलाचा दीर्घसेवेबद्दल गौरव करते तेव्हा ते नेमके कशापुढे मस्तक नमविते? दीर्घपणापुढे, की सेवेपुढे? आणि सेवा म्हणावी तर ती कोणाची?

आक्षेप दुबळा करून त्याचे खंडन करणे सोपे असते, म्हणून तो आधी त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडू. विद्यापीठ ही सत्यशोधनासाठी स्थापिलेली संस्था. तेथील एखाद्या संशोधकाने आपल्या सिद्धान्ताविरुद्ध जाणारा पुरावा हाती असता तो दडवून ठेवला, तर त्याची पत कायमची जाते. वकिलाचे काय? प्रतिकूल कायदा वा निवाडा न्यायाधीशापासून लपवू नये एवढी शिस्त त्याच्या धंद्यात आहे; पण आपल्या अशिलाच्या कथेतील कच्चा दुवा आपण होऊन विरुद्ध पक्षाच्या हाती द्यावा असे त्यास कोणी सांगत नाही, आणि त्याने तो दिलाच तर तो विश्वासघातकी ठरतो. एकाच्या ठायी जे पाप तेच दुसऱ्याच्या ठायी कर्तव्य. त्यातून वकिलाचा पक्ष त्याच्या मनाने निवडलेला असतो असेही नाही. जो आधी जिना चढून येतो व वकीलपत्रावर सही करतो त्याचा तो पक्ष. पलीकडचा मनुष्य अर्धी घटका आधी आला असता, तर तेच वक्तृत्व, तेच कलमांचे आधार, तीच तळमळ उलट दिशेने वाहिली असती. शंभर दावे वादीकडून चालविले, शंभर प्रतिवादीकडून. अशा पन्नास वर्षांची बेरीज मांडली तर उत्तर शून्यावाचून दुसरे काय यावे?

या आक्षेपास 'पण वर्षे किती!' हे उत्तर होऊ शकत नाही. वयाला मान द्यावा ही आपली जुनी रीत खरी. पण ती रीत घालून देणारांनी वयाची जागाही मोजून ठेवली आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मान मिळण्याची पाच स्थाने सांगितली आहेत: द्रव्य, आप्तसंबंध, वय, कर्म आणि विद्या, आणि यांत प्रत्येक पुढचे स्थान मागच्याहून श्रेष्ठ, असा क्रम लावला आहे. म्हणजे वय हे पैशाच्या व नात्यागोत्याच्या वर, परंतु कर्माच्या व विद्येच्या खाली. डोके पांढरे झाले एवढ्याने कोणी वृद्ध होत नाही, असेही तेथेच बजावले आहे. मात्र त्याच ठिकाणी एक चमत्कारिक सवलत आढळते. वयाची नव्वदी ओलांडलेला शूद्रही मानास पात्र होतो, असे स्मृतिकार म्हणतो. ज्या ग्रंथाने जन्मावरून माणसांची इतकी कठोर प्रतवारी लावली त्यासही आयुष्याच्या दहाव्या दशकापुढे आपला नियम थोडा सैल करावासा वाटला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आणि तो सैल होण्यासाठी माणसास नव्वद वर्षे वाट पाहावयास लावली, हेही.

आंजर्ल्याची खाडी ओलांडून हर्णैवरून पुढे गेले की मुरूड लागते. पूर्वी ही खाडी तरीने ओलांडावी लागे. आता पूल झाला आहे. त्या मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांस मुंबई विद्यापीठाने एल्‌एल्. डी. ही सन्मान्य पदवी दिली ती १९५७ साली. तेव्हा त्यांची नव्वदी उलटून बराच काळ लोटला होता. आणि ज्या कार्याबद्दल ती द्यावयाची, त्यातला पुनर्विवाह १८९३ सालचा आणि अनाथ बालिकाश्रम १८९६ सालचा. काशीच्या हिंदू विद्यापीठाने हेच काम पंधरा वर्षे आधी, १९४२ साली, केले होते. मनूचे नव्वदीचे वचन आपली विद्यापीठे कधी कधी अक्षरशः पाळतात, असे यावरून कोणी म्हटल्यास आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही.

वय बाजूस ठेवले की उरते कर्म. आणि येथेच त्या वृद्ध गृहस्थांचा काटा खोल रुततो, कारण कर्माचे मोल तर आधीच घेऊन झाले आहे. आपल्या जुन्या व्यवहारशास्त्रास दुसऱ्यासाठी बोलणारा मनुष्य मुळातच थोडा संशयास्पद वाटे. जो भाऊ नाही, बाप नाही, मुलगा नाही आणि ज्याची रीतसर नेमणूकही झालेली नाही, तो परक्याच्या वतीने वाद करू लागला तर त्यास दंड करावा, असे नारदस्मृती सांगते. शुक्रनीती या नावाने चालणाऱ्या ग्रंथात, ज्याच्या काळाविषयी पंडितांत बराच मतभेद आहे, अशा नेमलेल्या प्रतिनिधीचा मेहनतानाही ठरवून दिला आहे: दाव्याच्या रकमेचा सोळावा भाग, विसावा, चाळिसावा, असा रक्कम वाढेल तसतसा घटत जाणारा, आणि लोभाने अधिक घेणारास शिक्षा. रोमन लोकांनी तर ख्रिस्तपूर्व २०४ साली कायदाच केला की, दुसऱ्याचा खटला चालविणाराने त्याबद्दल भेट वा पैसा घेऊ नये. तो फारसा पाळला गेला नाही, आणि पुढे क्लॉडियस बादशहाने दहा हजार सेस्टर्सची मर्यादा घालून ती प्रथा पदरात घेतली. तरीही वकील घेतो ती मजुरी नव्हे, मानाची भेट होय, हा समज युरोपात टिकून राहिला. इंग्लंडातील बॅरिस्टरास आपल्या फीसाठी अशिलावर दावा लावता येत नसे तो याच समजापायी. आपल्याकडे 'मानधन' हा शब्द सर्रास चालतो. शब्द मोठा गमतीचा आहे. मान आणि धन यांस एका समासात इतके लगटून बसविले आहे की, एकाने दुसऱ्याचा संकोच झाकावा.

परंतु मोबदला घेतला एवढ्याने मान बुडतो असे धरले, तर शिक्षक, वैद्य, न्यायाधीश आणि खुद्द मानपत्र देणारे कुलगुरू यांपैकी कोणीच शिल्लक राहत नाही. सगळे संसारी लोक पगारावर वा फीवर जगतात. तेव्हा प्रश्न किंचित निराळा केला पाहिजे. मोबदल्याने फिटते ते ठरावात आलेले काम. अशिलाने फी दिली ती त्याच्या दाव्यापुरती. त्या दाव्यापलीकडे, कोणी न सांगता, कोणी पैसा न देता वकिलाने जे केले ते त्या फीत आलेले नसते. दीर्घसेवेत अशी काही बाकी उरली आहे की काय, हे पाहणे हाच मान देणाराचा खरा हिशेब. ही तपासणी हवेत न करता एका माणसावर करून पाहू, आणि त्यासाठी आंजर्ल्याच्या तालुक्याबाहेर जाण्याचेही कारण नाही.

पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० सालचा, चिपळूणजवळच्या पेढे-परशुराम येथला. वडील दापोलीस वकिली करीत, आणि मुलाचे शालेय शिक्षणही दापोलीसच झाले. १८९७ साली मॅट्रिक, मग मुंबईस विल्सन कॉलेज, मग सरकारी शाळांतून शिक्षकाची नोकरी, त्यातील काही वर्षे रत्नागिरीस. आणि १९११ साली ती नोकरी सोडून मुंबईच्या हायकोर्टात वकिली. पुढे १९१७ पासून १९२३ पर्यंत सरकारी लॉ कॉलेजात अध्यापन. येथपर्यंतचा वृत्तान्त त्या काळच्या कोणाही हुशार कोकणी मुलाचा असावा तसाच आहे. नीलकंठ भट्टाच्या 'व्यवहारमयूख' या ग्रंथाची आवृत्ती ते सिद्ध करीत होते, आणि तिला धर्मशास्त्राच्या इतिहासाचा एक उपोद्घात जोडावा एवढाच त्यांचा मूळचा बेत होता. मयूखाची आवृत्ती १९२६ साली निघाली. उपोद्घात मात्र हाताबाहेर गेला. त्याचा धर्मशास्त्राचा इतिहास झाला, आणि तो इंग्रजी ग्रंथ १९३० साली पहिला खंड निघाल्यापासून १९६२ साली शेवटचा भाग बाहेर पडेपर्यंत वाढतच राहिला: पाच खंड, साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठे, सर्व पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने छापलेली. लेखकास जठरव्रणाचे जुनाट दुखणे, दिवसा कोर्ट. अलाहाबाद विद्यापीठाने १९४२ साली त्यांस डी. लिट. ही पदवी दिली तेव्हा दोनच खंड निघाले होते. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद १९४७ ते १९४९ त्यांजकडे होते, आणि 'भारतरत्न' आले ते १९६३ साली. तोवर ग्रंथ संपला होता.

आता हिशेब पाहा. व्यवहारमयूख वाचणे हा मुंबईच्या वकिलाचा धंदाच होता. गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोकण यांत वारशाचा तंटा उद्भवला तर न्यायालये मयूखाचे मत मिताक्षरेवर चढवीत. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र मिताक्षरा वर व मयूख खाली. मृताच्या बहिणीस वारसांच्या रांगेत बरेच पुढे बसविणारा हा ग्रंथ एखाद्या विधवेच्या वा भावाविना राहिलेल्या बाईच्या घराचे दैव फिरवू शके. काण्यांच्या आधी मुरूडच्याच रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांनी या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८८० साली प्रसिद्ध केले होते. तेही हायकोर्टाचे वकील, आणि कायदेमंडळात व बाहेर खोतांच्या बाजूने बोलणारे म्हणून ख्यात. एकाच तालुक्यातील दोन वकिलांनी एकाच जुन्या पोथीवर आयुष्याचा एवढा भाग वेचावा हा योग विलक्षण खरा. पण मयूखापुरते पाहिल्यास, हे अध्ययन धंद्याच्या सोयीचे होते असे कोणी म्हटले तर ते अगदीच नाकारता येत नाही.

मात्र काण्यांच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ते आहेत, अशौच आहे, श्राद्ध आहे, तीर्थयात्रा आहे. पाचव्यात व्रते, उत्सव, कालगणना, शांती आणि पुराणे आहेत. एकादशीचा उपवास केव्हापासून व कोणत्या आधारावर चालत आला, याच्या निर्णयासाठी हायकोर्टात कोण अशील फी घेऊन येणार होता? ही पाने ठरावाबाहेरची. त्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट ती लिहिण्याच्या रीतीत आहे. एखाद्या प्रश्नावर स्मृती काय म्हणते, टीकाकार तिला कोठे वाकवितो, दुसरा टीकाकार त्याला कोठे अडवितो, निबंधकार कोणाची बाजू घेतो, आधुनिक निवाडे काय म्हणतात, हे सारे नावनिशीवार, वचनागणिक. आणि आपल्या मतास न मानवणारे वचन वगळल्याची शंकाही येऊ नये इतक्या बारकाईने. असे लिहिणारास विरुद्ध पक्षाचे म्हणणे त्या पक्षाहूनही चांगले माहीत असावे लागते. ही सवय केवळ पाठशाळेत लागत नाही. समोरचा वकील उद्या सकाळी काय उठवील, या धास्तीने रात्री ज्याने पुस्तके चाळली आहेत, त्यास ती लागते.

येथे आमचे पहिले गणित चुकले असे आम्हांस वाटते. शंभर दावे इकडून व शंभर तिकडून यांची बेरीज दाव्यांच्या बाजूने पाहिली तर शून्य येते. माणसाच्या बाजूने पाहिली तर तशी येत नाही. एका माणसाने दोनशे वेळा स्वतःस परक्याच्या जागी ठेवून पाहिलेले असते. त्यातून काहींची बुद्धी निबर होते आणि त्यांस कोणतीच बाजू खरी वाटेनाशी होते. असे वकील आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि जेवणाच्या पंक्तीत ते फार मजेदार असतात. काहींच्या ठायी मात्र त्याच सवयीतून अशी निःपक्षपाती दृष्टी येते की, जी जन्मभर एकाच मतास कवटाळून बसलेल्या पंडितासही दुर्लभ. विद्यापीठाने मान द्यावा तो या दुसऱ्या प्रकारास.

यास आणखी एक पुरवणी जोडली पाहिजे. १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला आणि मयूख वर की मिताक्षरा वर, हा कोर्टातला वाद बहुतांशी निकालात निघाला. ज्या ज्ञानावर दोन पिढ्यांनी फी घेतली त्याचा बाजारभाव एका कायद्याने उतरला. काणे तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. पाचवा खंड त्यानंतरचा आहे.

एवढ्यावर थांबता आले असते, आणि लेख नीटनेटका झाला असता. परंतु निःपक्षपात हीच वकिलाच्या सेवेतली उरणारी बाकी, असे म्हणून आम्ही हातपाय पसरणार तोच दापोलीचेच दुसरे एक नाव आडवे येते. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या बालपणाचा काही काळ दापोलीच्या कॅम्पात गेला. तेही १९२३ पासून मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले, तेही सरकारी लॉ कॉलेजात शिकवीत आणि पुढे तेथे प्रिन्सिपॉल झाले. पण त्यांनी आपली बाजू कधी झाकली नाही. ज्या खोतीच्या कज्ज्यांवर दापोली-रत्नागिरीकडच्या वकिलांच्या कित्येक पिढ्या पोसल्या, ती खोतीच उठवावी म्हणून त्यांनी १९३७ च्या सप्टेंबरात मुंबईच्या विधानसभेत विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. महाडच्या चवदार तळ्याचा दावा, ज्यात ते स्वतः प्रतिवादी होते, १९२७ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ च्या मार्चात लागला: तळ्याचे पाणी घेता यावे एवढ्यासाठी सव्वानऊ वर्षे. मुरूडच्या कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील मजकुराबद्दल १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्याकडून उभे राहिले ते आंबेडकरच. तो खटला ते हरले, आणि कर्व्यांस दंड झाला. कोलंबिया विद्यापीठाने त्यांस १९५२ साली एल्‌एल्. डी. दिली, उस्मानिया विद्यापीठाने १९५३ साली डी. लिट.

या वकिलास मान देताना विद्यापीठे निःपक्षपातास मान देत होती, असे म्हणणे हास्यास्पद होईल. तळ्याच्या पाण्यावर दोन्ही बाजू सारख्याच वजनाने मांडणारा मनुष्य त्या ठिकाणी काय कामाचा होता? म्हणून आमचे विधान आम्हांस मागे घेऊन पुन्हा मांडले पाहिजे. काण्यांनी बाजू घेतली नाही, आंबेडकरांनी घेतली. परंतु दोघांच्याही बाबतीत ती घेण्या-न घेण्याचा निर्णय फीने केला नव्हता. जिना चढून आधी कोण आला, यावर तो ठरला नव्हता. वकिलीचे सारे कसब धंद्यात कमवावयाचे आणि मग धंद्याच्या नियमाबाहेर, आपल्या जबाबदारीवर, ते खर्चावयाचे, एवढे दोघांत समान आहे. ही बाकी शिल्लक राहते. आणि ती दीर्घ असलीच पाहिजे असेही नाही.

पण मग तालुक्याच्या कोर्टातल्या साध्या वकिलाचे काय, ज्याने ग्रंथ लिहिला नाही, तळे उघडले नाही, चाळीस वर्षे दापोलीच्या मुनसफापुढे काळा कोट घालून उभा राहिला आणि एके दिवशी मरून गेला? काण्यांचे वडील अशाच वकिलांपैकी; अशांच्या घरांतूनच काणे निघतात. हा प्रश्न आम्ही परक्याच्या घराकडे पाहून विचारीत नाही.

आमचे आजोबा आणि त्यांचे चुलतबंधू यांची आंजर्ल्यास लागून-लागून नारळी-पोफळीची वाडी होती व दोहोंमध्ये एक विहीर. खोती गेल्यानंतरच्या वर्षांत केव्हा तरी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचे बिनसले. आजोबा कागदपत्रांचे गाठोडे काखेस मारून, तर उतरून, हर्णैवरून दापोलीस गेले व तेथील एका वृद्ध वकिलांच्या ओटीवर जाऊन बसले. वकिलांनी दोन तास सगळी कागदे वाचली. मग चष्मा पुसून म्हणाले, "दावा तुमचा खरा आहे आणि तुम्ही तो जिंकालही. पण जिंकल्यावर त्या विहिरीवर तुम्ही एकटेच जाल. घरी जा. पाच दिवस तुम्ही घ्या, पाच दिवस त्यांना द्या." आणि गाठोडे परत बांधून दिले. फी घेतली नाही. जेवूनच जा म्हणाले. आजोबा जेवले नाहीत. खरा दावा न चालविणारा वकील कसला, असे म्हणून ते तडक दुसऱ्याकडे गेले, आणि त्याने वकीलपत्र घेतले. दावा अकरा वर्षे चालला, अपिलासकट. आजोबा जिंकले. खर्चासाठी वाडीचा समुद्राकडचा अर्धा भाग विकावा लागला, तो आज परक्यांच्या ताब्यात आहे. पुढे आजोबा वारले तेव्हा चुलतघराने दहा दिवस सुतक रीतसर पाळले, कारण ते शास्त्राने लागू होते. खांदा द्यावयास मात्र त्यांच्यापैकी कोणी आले नाही. वडील हे सांगत तेव्हा त्या दुसऱ्या वकिलास कधी दोष देत नसत. त्याने आपले काम चोख केले होते.

त्या पहिल्या वकिलांनी अशी किती गाठोडी परत बांधून दिली असतील? कोर्टाच्या नोंदवहीत दाखल झालेले दावे असतात, न झालेले नसतात. विद्यापीठास ग्रंथ दिसतो, निवाडा दिसतो, कायद्याचा मसुदा दिसतो. ओटीवर दोन तास कागद वाचून 'घरी जा' म्हटलेले त्यास दिसावे कसे? यात विद्यापीठाचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ठरावाबाहेर खर्चिलेले कसब हीच जर मानाची वस्तू असेल, तर त्या वकिलांचे कर्म काण्यांच्या कर्माहून आकाराने लहान, जातीने निराळे नव्हे, असे म्हटल्यावाचून आम्हांस गत्यंतर दिसत नाही. त्यांनी तर कसबाबरोबर फीवरही पाणी सोडले, आणि वर आमच्या घरचा रोष घेतला. मानपत्रात 'दीर्घसेवा' हा ढोबळ शब्द लिहिण्याची चाल पडली, ती कदाचित अशा न दिसणाऱ्या गोष्टींस कोठे तरी जागा असावी म्हणूनच पडली असेल. तसे असेल तर त्या शब्दाचा आम्ही आरंभी केलेला उपहास थोडा आवरता घेतला पाहिजे. मात्र तोच शब्द त्या दुसऱ्या वकिलासही तितकाच बसतो, ही अडचण उरतेच. वर्षे दोघांचीही सारखीच भरली असतील.

पाऊस उघडल्यावर निघता निघता ही आजोबांची हकिकत आम्ही पडवीत सांगितली. यजमानांच्या वडील बंधूंस ती निम्मी-अर्धी ठाऊक होती. विकलेला भाग कोणी घेतला तेही ठाऊक होते. ते काही बोलले नाहीत. शिळे वर्तमानपत्र त्यांनी पुन्हा मागून घेतले, चष्मा लावला आणि ती सत्काराची वार्ता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचून काढली. मग म्हणाले, "त्यांनी कधी कोणाला परत पाठविले होते का, ते यात दिलेले नाही." आणि तोच कागद फाडून त्यात आम्हांस प्रसादाचा नारळ बांधून दिला.